बेटावरचा धांदरट

टेलिप्रिंटर गप्प होता, आणि हवामान कचेरीत त्याच्या गप्प बसण्याची कुणाला सवय नव्हती.

नकाशेवाली बाई हातात पेन धरून मोठ्या टेबलाशी उभी होती. जगभरातली ठाणी ठरल्या वेळी आपापला वारा, पाऊस, हवेचा दाब मोजून सगळ्यांना कळवायची, आणि ती प्रत्येक ठाण्याच्या जागी एक छोटा गोल काढून त्याला वाऱ्याची शेपटी लावायची. रोज दुपारी जग असं भरून जायचं. देशादेशांची भांडणं काय, चालूच असतात; पण तिच्या नोकरीत तरी कुणी आपली हवा दुसऱ्यापासून लपवली नव्हती.

सुरुवात झाली ती एका पुलावरून. दोन देशांमधली नदी, नदीवरचा पूल, पूल कुणाचा. त्या दोघांनी आकडे पाठवणं थांबवलं तेव्हा नकाशावर बोटाएवढी जागा कोरी राहिली. टेलिप्रिंटरवर तारेने आकडे घेणारा-पाठवणारा, ज्याला मिशांमुळे सगळे बोका म्हणत, हसून म्हणाला होता, "रुसलेत! येतील झक मारत बोलायला." मग त्यांचे मित्र गप्प झाले. मग मित्रांचे मित्र. मग ज्यांना त्या पुलाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं, तेसुद्धा. शत्रूच्या विमानांना आपलं आभाळ कळू नये म्हणून! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते काही खोटं नाही. आज सकाळी समुद्रापलीकडचा शेजारीही गप्प झाला. डोंगर, वाळवंटं, महासागर, सगळं कोरं. एका कोपऱ्यात आपले चार गोल, बस.

"अबब!" बोका म्हणाला. "एवढी मोठी पृथ्वी, आणि कुणी हूं की चूं करत नाही."

 बाईची नजर नकाशावरून हटेना. इतकं प्रचंड काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यात काहीच नव्हतं.

काल त्या समुद्रात एक वादळ होतं. आज ते कुठे आहे, देव जाणे. आणि तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर तिथेच होता. परवा निघताना त्याने नेहमीसारखं विचारलं होतं, "काय म्हणतंय तुझं आभाळ?" ती म्हणाली होती, "आज बरं आहे. पण रोज संध्याकाळचा रेडिओ ऐक, नाहीतर घरात घेणार नाही."

साहेब आतल्या खोलीतून आले. हातात हुकमाचा कागद होता. "आपणही उतरलो युद्धात," ते म्हणाले. "सूर्यास्तानंतर एकही आकडा बाहेर पाठवायचा नाही. रेडिओवरचं हवामानही बंद. आजचं शेवटचं."

"मग त्यात बोटींना बंदर गाठायला सांगा ना, साहेब."

"कुठलं? उत्तरेचं की दक्षिणेचं? वादळ कुणीकडे वळलंय तेच ठाऊक नाही. अंदाजपंचे सांगितलं आणि ते नेमकं तिकडेच आलं, तर त्यांना आपणच मारलं म्हणायचं."  तिचा नवरा बोटीवर आहे हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात टेलिप्रिंटर खडखडला. तिघंही दचकली.

एकच ओळ होती. त्याच समुद्रातल्या, दक्षिणेच्या बेटावरची. शेजारी देशाचं, म्हणजे आता शत्रूचंच ठाणं. दाब चढतोय, वारा फिरलाय. याचा अर्थ वादळ बेट सोडून उत्तरेला निघालं होतं.

"दक्षिणेचं बंदर!" बाई जवळजवळ ओरडली.

"थांबा." साहेबांनी कागद उजेडात धरला. "त्यांनाही गप्प राहायचा हुकूम आहे. मग हे कशाला पाठवलं? डाव असेल तर? आपल्या बोटी वादळाच्या तोंडी द्यायचा?"

 यंत्र पुन्हा खडखडलं. त्याच बेटावरून दुसरी ओळ: चूक झाली, दाबाचा शेवटचा आकडा असा वाचावा.

बोक्याला हसूच फुटलं. "तोच तो! धांदरट!"

बेटावरच्या त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, नावही माहीत नव्हतं. पण इतक्या वर्षांत घाईत आकडा चुकवल्याशिवाय आणि मागून दुरुस्ती पाठवल्याशिवाय त्याचा एक दिवस गेला नव्हता. हे नाव त्यांनीच त्याला ठेवलं होतं.

साहेब त्या दुसऱ्या ओळीकडे बघत राहिले. "ज्याला फसवायचंय," ते हळूच म्हणाले, "तो शेवटचा आकडा कशाला सुधारत बसेल?" त्यांनी फोन उचलला. रेडिओवाल्यांना सांगितलं, "सगळ्या बोटींनी दक्षिणेचं बंदर गाठावं. तीनदा वाचा."

बाई नकाशाच्या टेबलाशी परतली. नवऱ्याने रेडिओ लावला असेल ना? लावला असेल. घरात न घेण्याची धमकी त्याला खरी वाटायची. मग तिने त्या कोऱ्या जगात बेटाचा गोल काढला आणि त्याला शेपटी लावली. केवढासा तो गोल!

सूर्य बुडाला. वादळ कायमचं गेलं की परत बेटाकडे फिरणार, हे धांदरटाला आता इकडच्या दाबावरूनच कळणार होतं. त्याच्याकडेही बोटी असतीलच की.

बाईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हुकमाची घडी घालून खिशात ठेवली. "खिडक्या लावून येतो," ते म्हणाले, "वारा सुटलाय." आणि सावकाश आतल्या खोलीत गेले. बोका न सांगता खुर्चीवरून उठला.

ती यंत्रापुढे बसली. दाब, वारा, पाऊस. घाईत शेवटचा आकडा चुकला.

तिने लगेच दुरुस्ती पाठवली.