सोबतीला आई

बारावी झालेल्या गोळाफेकपटू लेकीला दोन कॉलेजांनी बोलावलं होतं, आणि कुठलं घ्यावं हे तिचं काही केल्या ठरत नव्हतं. पहिलं कॉलेज बघायला आई सोबत निघाली, तेव्हा लेकीने तिला बजावलं, "आई, प्रशिक्षकांसमोर तू काही बोलू नकोस हं."

वीस वर्षं बेकरीत पिठाची पोती उचलणारी आई खरंच मूग गिळून गप्प राहिली. हॉस्टेलच्या दारांच्या कड्या तेवढ्या तिने लावून बघितल्या. मग मैदानावर लेकीने तीनदा गोळा फेकला आणि प्रशिक्षक खूश होऊन म्हणाले, "तुझी जागा पक्की समज."

शेवटचा गोळा घरंगळत मैदानाच्या कडेला, आईच्या पायाशी येऊन थांबला होता. उगाच कुणाला हेलपाटा कशाला, म्हणून आईने पर्स खांद्याला अडकवली, गोळा उचलला आणि परत भिरकावला. तो लेक उभी होती तिथून चार पावलं पलीकडे जाऊन पडला.

प्रशिक्षकांनी टेपने अंतर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं आणि ते आईकडे आले.

"ताई, तुमचं शिक्षण किती झालंय?"

आईने लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवून बोलायची परवानगी दिली.

"बारावी. पुढचं राहूनच गेलं."

* * *

एकाच वर्गात आईच्या शेजारी बसायला नको, म्हणून लेकीने दुसरं कॉलेज घेतलं.