नदीची बाजू

"बाटली आत काढू नका, मॅडम. मी बोलतो," आमदारांच्या केबिनबाहेर देवस्थळी म्हणाले. नदी मंडळानं आपल्या विधेयकासाठी आमदारांना पटवायला त्यांना बाहेरून नेमलं होतं. मंडळाच्या प्रयोगशाळेतल्या सुलभाताईंनी काळ्या पाण्याची बाटली पर्समध्ये ठेवली.

देवस्थळींना बघून आमदार हसले. "यंदा नदीकडून का? गेल्या वर्षी कारखान्याकडून आला होतात. पाणी स्वच्छ म्हणत होतात."

"अहवाल मंडळाचाच होता, साहेब. मी फक्त वाचून दाखवला."

'सही करा, उगाच फाटे फोडू नका,' हे वरिष्ठांचे शब्द सुलभाताईंना आठवले. त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. झाकण उघडताच आमदारांनी नाकाला रुमाल लावला.

"त्या अहवालावरची सही माझी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "पाणी तेव्हाही असंच होतं."