कवच शाबूत

सूक्ष्मदर्शकावर झुकलेला दादा मान वर करीना, आणि समोरच्या स्टुलावर बसलेल्या धाकट्या बहिणीला प्रयोगशाळेतली ती शांतता सोसवेना.

“तोंडात गुळणी धरल्यासारखा काय बसलायस? बोल की!”

काचपट्टीवर तिच्याच थायरॉइडच्या गाठीचा पातळ काप होता, फार जुना. तेव्हा अहवालात ‘कॅन्सर’ हा शब्द आला. नवरा आधीच गमावलेल्या तिने त्या एका शब्दावर विसंबून आयुष्याची निरवानिरव केली आणि जे जिवापलीकडे जपायचं होतं, ते दादा-वहिनींच्या हवाली केलं. मरण मात्र आलंच नाही.

“पेशी दिसायला वाईट आहेत गं,” तो अखेर म्हणाला, “पण एकीनंही गाठीचं कवच ओलांडलेलं नाही. अशा गाठीला आम्ही आता कॅन्सर म्हणत नाही. तिचं नावच बदललंय.”

“म्हणजे मी मरणार नव्हतेच?”

“नव्हतीस.”

“अरे देवा! एवढी रडले, ते सगळं फुकटच की!” ती हसली, पण ते हसू ओठांपर्यंतही नीट पोचलं नाही.

इतक्यात जिन्यातून एक कोवळा, हक्काचा आवाज आला, “आत्या, चल ना गं, किती उशीर!”

ती उठली नाही.

“गाठीचं नाव बदललंत ना, दादा? मग माझी लेक मला अजून आत्याच म्हणणार?”