पुढच्या वर्षीचं जहाज

स्वेटर उन्हाळ्यात आणि छत्री हिवाळ्यात घ्यायची, अशी बल्लारपूरची केसरबाई. स्वस्त पडते ना! एकदा समुद्रातल्या मोठ्या जहाजात बसायची तिची हौस होती, म्हणून नवरा रामाजी तिला चंद्रपूरला एजंटकडे घेऊन आला. डॉक्टरांनी परवाच तिला बाहेर बसवून त्याला एकट्याला सांगितलं होतं, की ही दिवाळी काही तिला दिसायची नाही.

"याच महिन्याचं काढा, भाऊ," रामाजी म्हणाला.

"काका, आता पूर्ण भाव लागते. पुढच्या वर्षीचं आतापासून बुक केलं, तर अर्ध्यात होते."

"मंग पुढच्या वर्षीचंच करा," केसरबाई नवऱ्याकडे वळली. "काऊन येवढी घाई करून राह्यले तुमी?"

रामाजीनं मान डोलावली आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला. तोंडावर पाणी मारून परतला, तर दारातच तिचा हळू आवाज कानावर पडला.



"एक तिकीट त्यायच्या नावाचं काढा भाऊ, अन् दुसरं आमच्या पोरीच्या. त्यायले एकट्यानं करमत नाई."