माश्यांना सांगायची बातमी

गावात कुणी वारलं की त्या जुन्या हवेलीच्या बागेतला माळी मधमाश्यांच्या पेट्यांवर किल्लीने टकटक करून बातमी सांगतो, हे विनिफ्रेडला लहानपणापासून ठाऊक होतं.

आज त्याच बागेत, जूनच्या भर उन्हात, पेट्यांपाशी उभ्या माळ्याच्या तोंडून तिने नाव ऐकलं. "डेस्मंड ट्रेलॉर वारले."

तिचा डेस्मंड तर मागे बाकावर बसून चहाबरोबरच्या स्कोनच्या छोट्या पावाला जॅम लावत होता. "विनी, आता माश्यांशीही भांडणार काय?" त्याने हाक मारली.

"अहो, थांबा!" ती माळ्याला म्हणाली. "तो माझा नवरा. चांगला धडधाकट आहे, बघा की!"

"दिसतायत मला, बाईसाहेब." माळ्याचा आवाज कनवाळू होता. "बाकीच्यांना सांगून झालं. ही एकच पेटी राहिलीय."

"मग राहू द्या ना हो तेवढी! हात जोडते."

तिने त्याचा किल्लीचा हात दोन्ही हातांनी आवळून धरला. त्याने तो सोडवूनही घेतला नाही.

तरी टकटक झालीच.

आतून.

मागे वळायचा तिला धीर होईना. "डेस्मंड," ती ओरडली, "बोल रे! काहीही बोल!"

"ओरडतेस काय? चहा गार होतोय तुझा," डेस्मंड पेटीतून म्हणाला.