कुंकवाचं बोट

खंडेनवमीला अंधेरीच्या त्या कारखान्यात लेथपासून कॉम्प्युटरच्या प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा झाली. प्रिंटरच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं ते ऑपरेटर मंजुळाने.

दसऱ्याची सुट्टी संपली. बाहेर कामगार खोळंबलेले, म्हणून तिने आल्याआल्या पगाराच्या स्लिपा छापायला घेतल्या. पहिल्याच पानावर कुंकवाचा ठसा.

"हात धुवून येत जा की गं!" शेजारचा चंदर म्हणाला.

"अरे, खोका आत्ता फोडलाय. कागदाला बोट लावलंय कुणी?"

पुढच्या पानावर दोन बोटं उमटली. मग चार. मग अख्खा पंजा, कागदामागून कुणी दाबावा तसा.

"थांबव ना ते!" चंदर ओरडला.

कागद वाया जातो म्हणून साहेबांनी प्रत्येक कामाला पानांची मर्यादा घातली होती. ती संपली की प्रिंटर अडायचा. मंजुळाने मर्यादा छापून झालेल्या पानांवरच आणून ठेवली. प्रिंटर गप्प झाला. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: मर्यादा वाढवायची? हो तर वाय, नाही तर एन.

तिने एन दाबलं.

प्रिंटर सुरू झाला.

मंजुळाने आपलं बोट उलटसुलट पाहिलं. स्वच्छ होतं. वायच्या बटणावर मात्र कुंकवाचा ठसा होता, अजून ओला.