कबरीवरचा सब्जा

काठी हळूच उचलली गेली. तिच्याखाली दबलेली रबरी नळी मोकळी झाली आणि कुंडीतल्या सब्जाच्या मुळाशी पाणी ठिबकू लागलं.

"अब्बा, चाललं!" खुर्शीदा ओरडली.

हातातला चहा तसाच घेऊन अल्लाउद्दीन अंगणात आला. काठीच्या टोकाला मातीची पुरचुंडी टांगली होती. माती भिजली की जड व्हायची, काठी नळीला दाबून धरायची. वाळली की हलकी व्हायची, नळी सुटायची. माणसाचा हात लागायला नको.

"लय डोकं हाय. अम्मीवर गेलीस," तो म्हणाला. "माझ्यावर गेली असतीस तर घोरावाडीच्या रेल्वे फाटकावर माझ्यासारखी झेंडा धरून बसली असतीस."

"अम्मीला सांगाल?"

"सांगतो की. शुक्रवारी."

आई जाऊन हा दुसरा उन्हाळा. वराळ्याच्या कब्रस्तानात तिच्या कबरीवर सब्जा लावला होता. बायकांनी आत जायचं नाही, अशी रीत. म्हणून दर शुक्रवारी नमाज झाली की अल्लाउद्दीन पाण्याचा डबा घेऊन निघायचा आणि खुर्शीदा त्याच्याबरोबर आईला निरोप धाडायची. परतल्यावर त्याच्या हातांना सब्जाचा वास यायचा. त्या वासावरून तिला कळायचं, निरोप पोचला.

पण आठवड्यातून एकदाच पाणी. पहिल्या उन्हाळ्यात सब्जा करपला होता. म्हणून तर हे यंत्र. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "महिनाभर चाचणी घे. टिकलं तर पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवू."

खुर्शीदा कब्रस्तानाच्या भिंतीबाहेरून सांगत गेली, अल्लाउद्दीन आतून जोडत गेला. हातपाय धुवायची टाकी भिंतीलगतच होती. कब्रस्तान राखणारे बद्रुद्दीनचाचा ती रोज भरायचे. नळीचं एक टोक टाकीत सोडलं. थोड्याच दिवसांत कबरीवर नवी पालवी आली. टाचा उंचावून ती भिंतीवरून बघायची.

शुक्रवार आला. नमाजहून येऊन अल्लाउद्दीन खाटेवर आडवा झाला. डबा कोपऱ्यात पालथा.

"अब्बा, जायचं न्हाई?"

"कशाला? तुझं यंत्र हाय की." रात्रपाळीने त्याचे डोळे तांबारले होते. "लय मोठं काम केलंस, बेटी. माझी खेप वाचली."

पुढच्या शुक्रवारीही डबा पालथाच. शेळी व्याली. गणितात पहिला नंबर आला. आईची पितळी परात गळायला लागली. सगळं मनातच राहिलं.

एका दुपारी ती भिंतीपाशी उभी राहिली. सब्जा मंजिऱ्यांनी लदला होता. कबरीभोवतीच्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने वरून हात घातला, टाकीतलं नळीचं टोक काढलं, त्यात चिंधी कोंबली आणि पुन्हा पाण्यात सोडून दिलं.

महिना भरला. बाईंनी वर्गात विचारलं, "काय झालं चाचणीचं?"

"फसली, बाई."

"अगं, तुझ्या अंगणात तर चाललं होतं!"

"तितं न्हाई चाललं."

"त्यापरीस आमची म्हस बरी," मागच्या बाकावरून नवसू म्हणाला. "उभ्या उभ्या झाड भिजवती!"

वर्ग खिदळला. पुण्याला दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू गेली.

घरी आल्यावर तिने दप्तर खुंटीला अडकवलं. "अब्बा, अम्मीचा सब्जा वाळलाय. भिंतीवरनं दिसतोय."

शुक्रवारी नमाजहून आल्यावर अल्लाउद्दीनने कोपऱ्यातला डबा सुलटा केला, धूळ पुसली, रांजणातून भरून घेतला. उंबऱ्यात चपला घालताना थांबला.

"काय सांगू अम्मीला?"

खुर्शीदाने त्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

"सांगा," ती म्हणाली, "खुर्शीचं यंत्र चाललं न्हाई."